अकरा रांजण

२ मार्च

आज मुरवणीच्या शेडमध्ये मी केलेल्या नियमांचा तक्ता लागला. एकूण सतरा नियम. चौदावा वाचून बायका हसल्या.

चौदावा नियम असा आहे: या शेडमध्ये कोणतीही वस्तू तोंडात घालू नये. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. त्या शेडमध्ये कॉस्टिक सोड्याची पोती भिंतीला लावून ठेवलेली असतात आणि त्याच शेडमध्ये मो शीफू चहाचं प्रत्येक पोतं उघडलं की चिमूटभर पत्ती तोंडात टाकते. चावते, जिभेखाली धरते, डोळे मिटते आणि गटारात थुंकते. मग म्हणते, चालेल. किंवा म्हणते, परत पाठवा. ती छप्पन्न वर्षांची आहे. लूथानच्या या कारखान्यात बदकाची अंडी मुरवण्याचा खार चौतीस वर्षं तिच्याच हातचा आहे, म्हणून सगळे तिला शीफू, म्हणजे उस्ताद, म्हणतात, हाताखालच्या बायका मो मावशी म्हणतात आणि तिच्या थुंकण्याला सगळेच मान देतात. मी देणार नाही.

पेंगताई, जी अंडी निवडण्याच्या टेबलावर बसते, ती म्हणाली, "कॉलेजवाली, म्हणजे सुपारीपण नाही?"

"सुपारी बाहेर."

"आणि जीभ? ती आत आणली तर चालेल ना?"

पुन्हा हसणं. मो शीफू हसली नाही. तिने विचारलं, "मग चहा कसा आहे ते कोण सांगणार?"

मी सांगितलं की चहा रंगासाठी असतो आणि रंग मी रंगपट्टीशी जुळवून बघेन.

"रंगासाठी," ती म्हणाली, आणि तक्त्याखाली सही केली. वाद घातला नाही. ती वाद घालत नाही याचाच मला जास्त राग येतो. वाद घातला असता तर उत्तर देता आलं असतं.

५ मार्च

उद्यापासून भरणी. अठ्ठेचाळीस रांजण, प्रत्येकात हजार अंडी. सगळा माल जूनमधल्या ड्रॅगन होड्यांच्या सणासाठी वूहानच्या चियांग नावाच्या ठोक व्यापाऱ्याला जायचा आहे. आणि या वेळी पहिल्यांदा सूत्र माझं आहे.

नीट लिहून ठेवते, कारण पुढे कोणी म्हणेल की ही पोरगी अंधारात तीर मारत होती. खारातली क्षारता कवचाच्या छिद्रांतून आत शिरते. अंड्याचा पांढरा भाग आधी पाण्यासारखा होतो, मग थिजतो, आणि चहाच्या काढ्याच्या रंगाचा पारदर्शक गोळा तयार होतो. तिथे थांबलं तर उत्तम. पण क्षार आत शिरतच राहिला तर तोच गोळा पुन्हा वितळतो आणि एकदा वितळलेला गोळा परत कधीच थिजत नाही. म्हणून खारात थोडा धातू घालतात. त्याचे काळे कण कवचाच्या छिद्रांत बसतात आणि दार लोटून घेतात. पूर्वी शिसं घालत. ते विष म्हणून गेलं, तांबं आलं. मी तांबंही काढलं आणि जस्त आणलं. प्रमाण तीन महिने छोट्या बरण्यांत तपासून ठरवलं आहे. पुस्तकात चहाच्या टॅनिनवर दीड ओळ आहे: तुरट द्रव्यं प्रथिनांना बांधतात, गोळ्याला थोडी मदत होते. दीड ओळीच्या गोष्टीला मी तेवढंच महत्त्व दिलं.

छोट्या बरण्यांत सगळं नीट झालं होतं. मी चोवीस वर्षांची आहे, हे इथल्या कोणालाही पुरेसं कारण वाटतं.

९ मार्च

खरेदी बघणारा दू दुपारी प्रयोगशाळेत आला. फान मालकांचा भाचा. डब्यात कमळकाकडीचं सूप आणलं होतं, आईने केलेलं. या कारखान्यात मला नावाने आणि आदराने हाक मारणारा हा एकच माणूस आहे.

"वेन मॅडम, तुम्ही सोडा तपासता, मीठ तपासता, जस्त तपासता. मला तर भीतीच वाटते तुमची."

मी म्हटलं की भीती वाटायचं कारण नाही, आलेल्या मालाचा नमुना द्यायचा, एवढंच.

"चहाचाही?"

"चहा तक्त्यात नाही. तो रंगासाठी असतो."

"वा," तो म्हणाला. "तुमच्यासारखं नेमकं बोलणारं माणूस इथे पाहिलं नव्हतं."

सूप चांगलं होतं.

१२ मार्च

खाराची कपातली चाचणी घेतली. कपभर खारात कच्च्या अंड्याचा पांढरा भाग सोडायचा. पाव तासात थिजला पाहिजे आणि तासाभरात परत वितळला पाहिजे. अर्ध्या तासाच्या आत वितळला तर खार तिखट. माझ्या घड्याळात तो चौदाव्या मिनिटाला थिजला, अडतिसाव्या मिनिटाला वितळला. नियमात बसतं. सही केली.

मो शीफू कपात डोकावली. "हे थिजलं नाही पोरी. नुसतं लाजलं."

"चौदा मिनिटं."

"चहाला जीव नाही."

"किती जीव नाही? टक्के सांगा, मी लिहून घेते."

तिने कप माझ्याकडे सरकवला. "तुला आकड्यांतच ऐकू येतं का?"

उत्तर पेंगताईने दिलं: "मावशी, कॉलेजात कान वेगळे बसवून देतात." चार बायकांसमोर. मी नियम केले तर हसायचं, मोजलं तरी हसायचं, आणि उद्या काही बिघडलं तर माझ्याकडेच बोट दाखवायचं. हे मला आजच दिसतं आहे.

१३ मार्च

भरणी संपली. मो शीफू काल आणि आज सायकलला दोन-दोन गाठोडी बांधून आली. घरचं सामान कारखान्यात आणण्यावरही नियम हवा. शिवाय नवा बॉयलर सावकाश चालतो असं म्हणून तिने शेडमागची जुनी कढई पेटवली आणि मागच्या भिंतीकडचे अकरा रांजण त्या कढईवरच्या खाराने एकटीने भरले. मदत नको म्हणाली. मी खार तपासला. सोडा, मीठ, जस्त बरोबर होतं, म्हणून काही बोलले नाही. वय झालं की माणसं हट्टी होतात.

२६ मार्च

पहिली तपासणी. अठ्ठेचाळीसही रांजणांत अंडं थिजलेलं. प्रत्येकातलं एक फोडून बघितलं: स्वच्छ, सोनेरी, बोटाने दाबलं तर परत वर येणारं.

मो शीफू अंडं तळहातावर हलकंच उडवून झेलते आणि आतला थरथराट ओळखते. मी तिला विचारलं, कसं आहे? खरं तर ऐकवायचं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी सगळ्याच नवऱ्या छान दिसतात."

एवढ्या स्पष्ट निकालानंतरही या बाईला एक सरळ वाक्य बोलता येत नाही.

७ एप्रिल

सदतीस रांजण गेले.

कालपर्यंत छिंगमिंगची सुट्टी होती. मी गावी आईबरोबर वडिलांच्या कबरीवरचं गवत काढून आले. आज सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हाच अमोनियाचा भपकारा आला. अंडं हलवलं की आत पाणी डचमळतं. फोडलं की तपकिरी रस आणि त्यात निसटणारा पिवळा बलक. सदतीस हजार अंडी. मागच्या भिंतीकडचे अकरा रांजण मात्र जसेच्या तसे: घट्ट, चमकदार, वर सुयांसारखी पांढरी नक्षी. मला वाटलं की ते उशिरा भरलेले म्हणून वाचले असतील. पण त्याच दिवशी बॉयलरच्या खाराने भरलेले चार रांजणही पाणी झाले आहेत.

फान मालक शेडमध्ये आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "सूत्र कोणाचं?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना माहीत नव्हतं.

"माझं."

बायका एकदम गप्प झाल्या. आज हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

जस्ताचं प्रमाण तीनदा तपासलं. सोडा दोनदा. सगळं बरोबर आहे. बरोबर असूनही चुकलं आहे, आणि मला हे वाक्य लिहिताना संताप येतो.

दू आला. चहाचा पेला पुढे सरकवला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, एक विचारू? सूत्र चुकलं असतं तर अठ्ठेचाळीसही गेले असते ना?"

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सूत्र एक, अंडी एक, महिना एक. अकरा चांगले निघाले याचा अर्थ सूत्र चांगलं आहे. मग फरक कुठे? हातात. खार ढवळणं, गार करणं, ओतणं ही मो शीफूची जबाबदारी. एका ठिकाणी तिने काळजी घेतली, इतरत्र घेतली नाही.

"मामांना तुमचा लेखी अहवाल हवा आहे," दू म्हणाला. "तुमच्या शब्दाला वजन आहे."

१० एप्रिल

अहवाल दिला. एक पान. निष्कर्ष: एकाच सूत्राने भरलेल्या अठ्ठेचाळीसपैकी अकरा रांजण उत्तम निघाल्याने सूत्र निर्दोष आहे, उरलेल्यांतला बिघाड खार तयार करणाऱ्या व्यक्तीच्या अनियमित कामामुळे संभवतो. 'संभवतो' हा शब्द मी मुद्दाम वापरला.

फाटकावरच्या फलकावर दुपारी जे लागलं त्यात 'संभवतो' नव्हतं. मोठ्या अक्षरांत मो शीफूचं पूर्ण नाव, 'कामात हलगर्जी', 'कामावरून कमी', कारखान्याचा लाल शिक्का, आणि खाली 'तांत्रिक अधिकारी वेन यांच्या अहवालानुसार'. त्या कागदाखाली माझी सही हवी म्हणून फान मालकांनी मला बोलावलं होतं. मी सही केली. मजकूर बदलला आहे असं मी म्हटलं. ते म्हणाले, "धाकटे, फलकावर व्याकरण लिहीत नाहीत."

लूथानमध्ये अंड्यांचे सहा कारखाने आहेत. फलकावर नाव लागलेल्या माणसाला उरलेल्या पाचांपैकी एकही दारात उभं करत नाही.

मो शीफूने कागद पूर्ण वाचला, हात मागे बांधून. मग मला म्हणाली, "अकरा का चांगले निघाले, ते लिहिलं नाहीस."

"योगायोग असू शकतो."

"अकरा हजार अंड्यांचा योगायोग." तिने सायकल काढली आणि गेली. माझ्यावर ओरडलीही नाही. पेंगताई मात्र माझ्या पायाशी सुपारी थुंकली. शेडच्या बाहेर, त्यामुळे नियमात बसत होतं.

१७ एप्रिल

चियांग व्यापाऱ्याने अकरा रांजणांतली अंडी नेली होती. आज त्याचा फोन आला: अशीच हवीत, सणाच्या आधी आणखी तीस हजार. फान मालकांनी मला सांगितलं, "त्या अकरांसारखं कर." जणू मी अकरांमध्ये आणि सदतीसांमध्ये फरक करून ठेवला होता.

अकरांचा खार परत तपासला. सोडा तोच. मीठ तेच. जस्त तेच. माझ्या तक्त्यात यापुढे काही नाही.

१८ एप्रिल

शेडमागे जुन्या कढईशेजारी ढीग आहे. महिनाभर ऊन-पाऊस खाल्लेला चहाचा चोथा. मी काठीने उकरला. लांब पानं, जाड देठ, जून पालवी. डोंगरातला चहा. बॉयलरमागचाही ढीग बघितला. त्यात नुसता चुरा, बोटाने दाबला तर पिठासारखा.

गोदामातून चहाच्या पोत्यातला नमुना घेतला. बाजारातून साधा जाडा चहा विकत आणला. दोन्ही सारखे तोलून सारख्या पाण्यात उकळले आणि लोहाचं द्रावण घातलं. टॅनिन असलं की ते शाईसारखं जांभळं होतं. बाजारातला चहा एका क्षणात काळा-जांभळा झाला. गोदामातला चहा दोन मिनिटांनंतरही धुतलेल्या कपड्याच्या पाण्यासारखा होता.

मोजलं. बाजारातला: शंभरात सोळा भाग. गोदामातला: शंभरात तीन.

तो चहा नाही. एकदा उकळून, सत्त्व काढून घेऊन, वाळवून परत पोत्यात भरलेला चोथा आहे. बाटलीतला चहा विकणारे कारखाने असा चोथा ढिगाने बाहेर टाकतात. पोत्यांवरची चिठ्ठी कापलेली आहे. रंगासाठी त्यात करपवलेली साखर आहे, म्हणून माझी रंगपट्टी जुळली.

१९ एप्रिल

सगळे आकडे परत काढले. तेच आले.

जस्ताने बांधलेला गोळा तांब्याच्या गोळ्याइतका कणखर नसतो, हे मला माहीत होतं. त्याला टॅनिनचा आधार लागतो. छोट्या बरण्यांतला चहा मी जानेवारीत घेतला होता, जुन्या पोत्यातला, मो शीफूने चावून पसंत केलेला. म्हणून बरण्या थिजून राहिल्या. पुस्तकातली ती दीड ओळ म्हणजे सदतीस हजार अंडी होती.

आणि हेही लिहिते, कारण हे कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे: माझ्या तक्त्यात चहाची एकही तपासणी नव्हती. या कारखान्यात चहाची एकच तपासणी होत होती. ती मी २ मार्चला बंद केली.

२१ एप्रिल

दूच्या टेबलावर दोन्ही कप ठेवले. जांभळा आणि फिका. त्याने बघितले आणि हसला. लाजून नव्हे.

"चहा चहाच असतो मॅडम. रंगासाठी. तुमचंच वाक्य आहे."

"हा चोथा आहे. तुम्हाला माहीत होतं."

"मला? मी वाणिज्य शिकलोय. तपासणं तुमचं काम." मग खुर्ची जवळ ओढून, तोच शांत आवाज: "आणि फलकावरच्या कागदाखाली सही कोणाची आहे? माझी नाही. हे कप घेऊन फिरलात तर लोक पहिला प्रश्न कोणाला विचारतील?"

मी कप उचलले आणि बाहेर आले. मला त्याच्या सुपाचा राग येतो आहे. हे तर्काला धरून नाही.

२३ एप्रिल

फान मालकांनी सगळं ऐकून घेतलं. माझे आकडे बरोबर आहेत असंही म्हणाले.

"मग फलकावरचा कागद काढा," मी म्हटलं.

"कशाला? बाई गेली, विषय संपला. चहा बदलू. तू तीस हजार अंडी नीट मुरव, तुला मुरवणी प्रमुख करतो."

"तिने काही चुकवलं नाही."

"धाकटे, लाल शिक्का मारलेला कागद कारखाना मागे घेत नाही. आज हा काढला तर उद्या प्रत्येक जण येईल, माझा काढा म्हणून. तिला सणाला दोन करंड्या अंडी पाठव माझ्या नावाने."

दोन करंड्या अंडी. चौतीस वर्षांना. मी हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं. बोलले नाही, इथे लिहिते आहे. हा माझा दोष आहे आणि तो मला दिवसेंदिवस सहन होईनासा झाला आहे.

२५ एप्रिल

मो शीफूच्या घरी गेले. बंधाऱ्याला लागून दोन खोल्या आहेत. ती अंगणात बसून सुरीने कमळाचे हिरवे देठ सोलत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"सोळा आणि तीन," ती म्हणाली. "बरं. म्हणजे आता तुला ऐकू आलं."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं. तू टक्के मागितलेस."

"अकरा रांजणांत तुम्ही घरचा चहा घातलात."

"माझा धाकटा भाऊ एन्शीच्या डोंगरात असतो. वर्षाचा चहा पाठवतो घरच्यांसाठी. होता तेवढा घातला. अकरांनाच पुरला."

"मग फलक लागला तेव्हा हे बोलला का नाहीत?"

तिने सुरी थांबवली. "काय बोलू? की मी सूत्राबाहेरचं घातलं? तुझा सहावा नियम काय आहे? सूत्राबाहेरचं काही घालणारा कामावरून कमी. त्याच्याखालीही सही आहे माझी. एकीकडून हलगर्जी, दुसरीकडून नियमभंग. कोणत्या दारातून बाहेर जायचं ते निवडायचं होतं फक्त."

तिने पुढचा देठ उचलला.

"तुझं जस्त खोटं नव्हतं," ती म्हणाली. "सगळेच रांजण गेले असते तर लोक म्हणाले असते, पोरीचं सूत्र फसलं, आणा परत तांबं. म्हणून अकरा तरी उभे राहू दिले. अंड्यांसाठी केलं. तुझ्यासाठी नाही."

ते मी समजू शकते. अंड्यांची काळजी तिला कायमच होती.

मी म्हटलं, मी माफी मागायला आले आहे. मी कोणाची माफी फारशी मागत नाही. त्यामुळे ते शब्द कदाचित नीट उच्चारले गेले नसतील.

ती उठली. "बदनामी फाटकावर केलीस आणि माफी माझ्या अंगणात? इथे बघायला कोण आहे? बदकं?" देठांची टोपली उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. नुसतं लावलं.

परत येताना मला तिचा राग आला. मग तो राग कुठेच बसेना.

२८ एप्रिल

सकाळी सातला, पाळी सुरू होण्याआधी, मी फलकावर त्या कागदाशेजारी माझा कागद लावला. शिक्का नाही, फक्त सही आणि तारीख. मजकूर असा:

"१० एप्रिलचा माझा अहवाल चुकीचा आहे. सदतीस रांजण वितळले ते सत्त्व काढून घेतलेला चहा वापरल्यामुळे (टॅनिन शंभरात तीन; हवं सोळाच्या आसपास). हा चहा कारखान्याने खरेदी केला होता. तो ओळखण्याची एकच पद्धत इथे होती, मो शीफूंची. ती मी २ मार्चच्या चौदाव्या नियमाने बंद केली. चहाला जीव नाही हे त्यांनी १२ मार्चला मला सांगितलं, मी नोंदलं नाही. अकरा रांजण वाचले कारण त्यांत मो शीफूंनी स्वतःच्या घरचा चहा घातला. यात माझा सहावा नियम मोडला. तो मोडला नसता तर अठ्ठेचाळीसही गेले असते."

पेंगताईने मोठ्याने वाचला, कारण मागच्यांना दिसत नव्हता. वाचून झाल्यावर म्हणाली, "कॉलेजवालीला लिहिता येतं तर." एवढंच.

साडेनऊला कागद फाडलेला होता. दहाला मी दुसरा लावला. जेवणाच्या सुट्टीत तोही नव्हता. दीडला तिसरा.

२९ एप्रिल

चौथा सकाळी लावला. दहाला फान मालकांनी बोलावलं.

"असे किती कागद आहेत तुझ्याकडे?"

"एका गठ्ठ्यात पाचशे असतात. चार लागले."

"मी तुला आत्ता काढू शकतो."

"हो. तीस हजार अंडी दोन तारखेपासून भरायची आहेत."

मला त्यांची भीती वाटत होती. बोटं टेबलाखाली ठेवली होती. ते म्हणाले, तुझा करार जूनअखेर संपतो, पुढे होणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. बाहेर येऊन पाचवा लावला.

३० एप्रिल

व्यापारी चियांग स्वतः आला, तीस हजारांचं बोलायला. जाडा, घामाघूम, नम्र माणूस. गाडीतून उतरून फाटकावरच थांबला आणि दोन्ही कागद वाचले. आधी शिक्क्याचा, मग माझा. मग माझा परत.

"फान साहेब, चहा चावून सांगणारी ही बाई आत आहे का?"

"ती... सध्या नाही."

"मग मी कशाला आत येऊ?" तो म्हणाला. कुत्सितपणे नाही. खरोखर विचारत होता.

त्यांनी त्याला ऑफिसात नेलं. तासाभराने फान मालक बाहेर आले आणि पेंगताईला मो शीफूच्या घरी पाठवलं. दूला वूहानच्या विक्री कार्यालयात पाठवत आहेत, तिथे खोली मोठी आहे म्हणे. माझ्या रागाला आज न्याय मिळाला असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. न्याय आला तो गिऱ्हाईकाच्या गाडीतून. पाच कागदांनी झाला नाही, एका घामाघूम माणसाने झाला, आणि दूला त्यात बढती मिळाली.

पेंगताई परत आली ती एकटीच. म्हणाली, "मावशी येईन म्हणते. पण फाटकावर तिचं नाव असेपर्यंत त्या फाटकातून नाही."

फान मालकांनी लगेच पहारेकऱ्याला हाक मारली: काढ रे तो कागद.

"तेही विचारलं होतं मी," पेंगताई म्हणाली. "ती म्हणाली, पहारेकऱ्याने नाही. ज्याची सही आहे त्याने. आणि मी बघायला येईन."

२ मे

काल कामगार दिनाची सुट्टी होती. आज सकाळी पावणेसातला मी फाटकावर गेले. मो शीफू आधीच तिथे होती, सायकल भिंतीला टेकवून. बायका पाळीला येत होत्या आणि आत न जाता थांबत होत्या. फान मालक ऑफिसच्या खिडकीत होते.

तो कागद तांदळाच्या खळीने लावलेला होता, आणि भरपूर. तीन आठवड्यांच्या उन्हात तो फळीशी एकजीव झाला होता. नखाने निघेना. मी प्रयोगशाळेतलं पातळ पातं आणि कोमट पाण्याचा डबा आणला. भिजवायचं, थांबायचं, खरवडायचं. कागद एका तुकड्यात येत नव्हता. 'हलगर्जी' हा शब्द निघाला तो तीन चिंध्यांत. तिचं नाव सगळ्यात चिवट होतं, कारण शाई जाड. माझी सही लवकर निघाली.

मला वाटत होतं की पेंगताई काहीतरी म्हणेल, तयारीही होती माझी. ती डबा परत भरून आणायला गेली. दोनदा. भोंगा वाजला तरी बायका आत गेल्या नाहीत.

पंचेचाळीस मिनिटं लागली. फळी ओली झाली, तिचा जुना हिरवा रंग दिसू लागला. मी पातं खाली ठेवलं. माझ्या बोटांच्या टोकांना लाल शिक्क्याची शाई लागली होती.

मला वाटलं की आता ती काहीतरी बोलेल. काय, ते मी ठरवलं नव्हतं.

मो शीफू पुढे आली. वाकून, फळीला नाक लागेल इतक्या जवळून, तिने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उजवीकडे कोपरा राहिला," ती म्हणाली.

मी कोपरा भिजवला आणि काढला. मग तिने सायकल घेतली आणि ती फाटकातून आत गेली.